उन्हात ठेवलेलं चित्र : काराव्हाज्जोची संत उर्सुला

११ मे १६१०. नेपल्समध्ये राहणाऱ्या लान्फ्रांको मास्सा नावाच्या कारभाऱ्याने जेनोआतल्या आपल्या धन्याला, मार्कान्तोनिओ दोरिआला, पत्र लिहिलं. मजकूर थोडक्यात असा : संत उर्सुलेचं चित्र याच आठवड्यात पाठवायचा विचार होता. नीट वाळलेलं पोचावं म्हणून ते उन्हात ठेवलं. पण वाळण्याऐवजी व्हार्निशच मऊ पडलं, कारण चित्रकार काराव्हाज्जोने ते फार जाड लावलं होतं. आता चित्र बिघडू नये म्हणून काय करावं हे विचारायला पुन्हा त्याच्याकडेच जातो. चित्र ज्यांनी ज्यांनी पाहिलं ते थक्क झाले आहेत, हेही त्याने कळवलं.

दूर असलेल्या धन्याला कारभाऱ्याने आपली चूक कळवावी आणि लगोलग ‘काळजी नसावी’ असा दिलासाही द्यावा, असं हे पत्र आहे. चूक साधी होती. आपल्याकडे उन्हाळ्यात पापड-कुरडयांचं वाळवण गच्चीवर घालतात तितक्याच सरळ मनाने त्याने ते चित्र उन्हात घातलं. पण पुढे हे चित्र आपल्या चित्रकाराचं नाव हरवून बसलं आणि ते नाव परत मिळालं ते याच कागदामुळे, ३७० वर्षांनी. चित्राला इजा पोचवणाऱ्या माणसाचा जबाबच चित्राच्या बाजूने उभा राहिला. हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं ते त्यासाठी.

चित्रात काय दिसतं

कॅनव्हास फार मोठा नाही. उंची सुमारे १४३ सेंटिमीटर, रुंदी सुमारे १८० सेंटिमीटर. माणसं कंबरेपर्यंतच दिसतात, तीही जवळजवळ प्रत्यक्षाएवढी. त्यामुळे पाहणारा आपोआप त्यांच्यातलाच एक होतो.

डावीकडे हूणांचा राजा आहे. वय झालेला, चेहऱ्यावर सुरकुत्या, अंगावर भरजरी चिलखत. हातात धनुष्य, आणि प्रत्यंचा नुकतीच सुटलेली. त्याच्यापासून हातभर अंतरावर उर्सुला उभी आहे. बाण तिच्या छातीत रुतला आहे. ती किंचाळत नाही, कोसळत नाही, आकाशाकडेही पाहत नाही. मान खाली घालून ती जखमेकडे बघते आहे आणि दोन्ही हात जखमेच्या बाजूंना आणून जणू काय झालं ते तपासते आहे. तिचा चेहरा आणि हात एव्हाना पांढरेफटक पडले आहेत. अंगावरचा तांबडा झगा तेवढा उजळ. उजव्या टोकाला काळ्या चिलखतातला शिपाई, आणि उर्सुलेच्या खांद्यामागून मान उंचावून, तोंड किंचित उघडं ठेवून पाहणारा एक माणूस. तो स्वतः काराव्हाज्जो आहे, हे आज बहुतेक अभ्यासक मानतात.

हे किती वेगळं आहे ते समजायला कथा माहीत हवी. ब्रिटनची राजकन्या उर्सुला अकरा हजार कुमारिकांना घेऊन रोमच्या यात्रेला गेली, परतताना कोलोन शहरापाशी हूणांच्या वेढ्यात सापडली. सगळ्या सख्या मारल्या गेल्या. हूणांचा सरदार तिच्या रूपावर भाळला, लग्न कर म्हणाला, तिने नकार दिला, तेव्हा त्याने बाण मारला. कोलोनमधल्या तिच्या चर्चमध्ये एक जुना लॅटिन शिलालेख आहे. जिथे पवित्र कुमारिकांनी रक्त सांडलं त्या जागी क्लेमातियस नावाच्या माणसाने चर्च पुन्हा बांधलं, एवढाच त्याचा आशय. त्यात ना अकरा हजारांचा आकडा, ना उर्सुलेचं नाव. आकडा पुढे आला आणि फुगला. रोमन अंकातल्या अकरापुढचं ‘एम’ हे अक्षर ‘मार्टिर’ म्हणजे ‘हुतात्मा’ याऐवजी ‘मिल्ले’ म्हणजे ‘हजार’ असं वाचलं गेलं असावं, असा एक तर्क आहे. मध्ययुगात कोलोनच्या जुन्या रोमन दफनभूमीत हाडं सापडली तेव्हा ती याच कुमारिकांची ठरली. त्या चर्चच्या ‘सुवर्णकक्षा’च्या भिंती आजही त्या हाडांच्या नक्षीने मढलेल्या आहेत. १९६९मध्ये कॅथलिक चर्चने आपल्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून उर्सुलेचा सण काढला, तोही इतिहासाचा आधार इतका पातळ असल्यामुळेच.

चित्रकारांना मात्र ही कथा म्हणजे मेजवानी होती. जहाजं, यात्रा, झेंडे, शहरं, शेकडो मुली, शेवटी कत्तल. व्हेनिसमध्ये कार्पाच्चोने पंधराव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर भव्य चित्रमालिकाच केली. ब्रुजमध्ये मेमलिंगने १४८९च्या सुमारास लाकडी मंजूषेवर तिची सगळी यात्रा रंगवली. काराव्हाज्जोने यातलं काहीच ठेवलं नाही. जहाज नाही, सख्या नाहीत, देवदूत नाही, हौतात्म्याची खूण असलेली ताडाची फांदीही नाही. अकरा हजारांतून त्याने एक बाई, तिला मारणारा एक माणूस आणि भोवतीचे दोन-चार जण उरवले. त्याने कथा लहान केली असं कुणी म्हणेल. मला वाटतं, आकड्यांच्या ढिगाऱ्याखाली गाडलेली बाई त्याने बाहेर काढली.

इथे एका मराठी शब्दाबद्दल लिहायला हवं. ‘मार्टिर’ला आपण ‘हुतात्मा’ म्हणतो, आणि तो शब्द यज्ञातल्या आहुतीतून आला. ख्रिस्ती मराठीत मात्र ‘रक्तसाक्षी’ असा शब्द आहे. १५९७मध्ये जपानच्या नागासाकी शहरात क्रूसावर मारले गेलेले वसईचे संत गोन्सालो गार्सिया असेच रक्तसाक्षी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही ‘साक्षीदार’ असाच आहे, म्हणून इथे ‘रक्तसाक्षी’ अधिक नेमका बसतो. या प्रकरणात साक्षीदार एकटी उर्सुला नाही, आणखी दोघे आहेत. एक चित्रात तिच्या खांद्यामागे उभा आहे, दुसरा नेपल्सहून पत्र लिहितो आहे.

ऊन, तेल आणि राळ

मास्साला मूर्ख ठरवण्याआधी तैलरंग वाळतो कसा हे पाहू. जलरंगातलं पाणी उडून जातं आणि रंग वाळतो. जवसाचं किंवा अक्रोडाचं तेल तसं उडून जात नाही. ते हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं. वरचा थर दोन-चार दिवसांत हाताला लागेनासा होतो, पण आतला थर पक्का व्हायला आठवडे, कधी महिने लागतात. मुंबईच्या पावसाळ्यात तैलरंगात काम केलेल्या कुणालाही ही वाट बघणं ठाऊक असतं. ऊन आणि मोकळी हवा हे काम लवकर करतात. चित्रं उन्हात ठेवायची रीत त्या काळी होतीच. म्हणजे मास्साने केलं ते तसं रीतीला धरूनच होतं.

गडबड झाली ती वरच्या व्हार्निशमुळे. त्या काळचं व्हार्निश झाडांच्या राळेपासून बनायचं, आणि राळ उष्णतेने मऊ होते. खाली रंग अजून ओला, वर राळेचा जाड थर, आणि मे महिन्यातलं नेपल्सचं ऊन. रंगाला ऊन मानवतं, राळेला मानवत नाही, आणि दोन्ही एकाच कॅनव्हासवर होते. एवढ्या लवकर आणि एवढं जाड व्हार्निश काराव्हाज्जोने का दिलं असेल? चित्र लवकर पाठवायचं होतं, मास्सा मागे लागला होता, आणि काराव्हाज्जोची स्वतःची निघण्याची घाई होती. मला तरी यात घाईच दिसते. ही घाई सगळ्या चित्रभर आहे. शेवटच्या वर्षांत तो काळपट तपकिरी अस्तरावर, म्हणजे कॅनव्हासला आधी दिलेल्या थरावर, अगदी थोडक्या रंगात काम करायचा. सावलीच्या जागी पुष्कळदा अस्तरच उघडं ठेवायचा. एखाद्या गालाची कड, बाहीची घडी म्हणजे वेगळा रंग नसून न रंगवलेली जागा असते.

अशा चित्राचं आयुष्य नाजूक असतं. वर्षं जातात तसे रंगाचे पातळ थर पारदर्शक होतात, खालचा काळोख वर येतो, आणि सावलीतली माणसं अंधारात विरून जातात. त्यात पुढच्या मालकांनी आपापल्या काळात डागडुजी केली, वरून रंग चढवले, कॅनव्हासला मागून नवं कापड लावलं. मास्साच्या उन्हाने किती नुकसान झालं आणि नंतरच्या हातांनी किती, याची वाटणी करणं कठीण आहे. पण त्रासाची सुरुवात पहिल्या आठवड्यातच झाली.

२७ मेला चित्र नेपल्सहून जहाजाने निघालं. १८ जूनला जेनोआत पोचलं. बरोबर एक महिन्याने, १८ जुलैला, टस्कनीच्या किनाऱ्यावरच्या पोर्तो एर्कोले इथे काराव्हाज्जो मेला. वय अडतीस.

नाव कसं हरवलं

दोरिआला हे चित्र प्रिय होतं. त्याची सावत्र मुलगी नेपल्समध्ये मठात गेली होती आणि तिने उर्सुला हेच नाव घेतलं होतं, त्यामुळे ही संत त्याच्या घरातलीच म्हणायची. काराव्हाज्जोशीही त्याची ओळख जुनी. १६०५मध्ये काराव्हाज्जो रोममधून जेनोआला पळाला होता, तेव्हा दोरिआने एका सज्ज्यात भित्तिचित्रं काढायला सहा हजार स्कुदी देऊ केले होते. रक्कम प्रचंड. काराव्हाज्जोने नाही म्हटलं. ओल्या गिलाव्यावर त्याने कधी काम केलं नाही.

१६२०च्या दोरिआच्या मालमत्ता-यादीत हे चित्र काराव्हाज्जोच्या नावाने आहे. वर्णन असं : ‘जुलमी राजाने विंधलेली संत उर्सुला’. हे शब्द पुढे फार कामाला येणार आहेत.

त्यानंतर दोनशे वर्षं ते घराण्यातच राहिलं. १८३२मध्ये वारसाहक्काने ते घराण्याच्या नेपल्समधल्या शाखेकडे आलं, म्हणजे जिथे रंगवलं गेलं त्याच शहरात परतलं. पुढे ते सालेर्नोजवळच्या एबोली गावातल्या एका सरदार कुटुंबाकडे गेलं. या प्रवासात कधीतरी चित्र आणि नाव यांची ताटातूट झाली. यात कट नाही, फसवणूकही नाही. एकोणिसाव्या शतकात काराव्हाज्जोला फारशी किंमतच नव्हती. ओबडधोबड, अंधारा, संतांना रस्त्यावरच्या माणसांसारखं रंगवणारा म्हणून तो बाजूला पडला होता. त्याचं पुनरागमन विसाव्या शतकातलं, १९५१च्या मिलानमधल्या मोठ्या प्रदर्शनानंतरचं. ज्या नावाला मोल नसतं ते जपायची तसदी कुणी घेत नाही. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे नावं लिहायची राहून जातात आणि तिसऱ्या पिढीत ‘हे कोण?’ असा प्रश्न पडतो, तसं झालं.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला बांका कोमेर्चाले इतालियाना या बँकेने हे चित्र विकत घेतलं ते मात्तिआ प्रेती या चित्रकाराचं म्हणून. प्रेती हा काही लहान माणूस नव्हे. कालाब्रियात जन्मलेला, नेपल्स आणि माल्टा गाजवलेला, काराव्हाज्जोच्या काळोखातून आपला रस्ता काढलेला चित्रकार. अंधारं चित्र, नेपल्सचा परिसर, कंबरेपर्यंतची माणसं, तेव्हा प्रेती हा अंदाज वाईट नव्हता. फक्त तो १६१३मध्ये जन्मला, आणि हे चित्र त्याच्या जन्माआधी तीन वर्षं जेनोआत टांगलं गेलं होतं. पण हे कळायला कागद लागणार होता.

डोळा आणि कागद

चित्र कुणाचं हे ठरवायचे दोन रस्ते असतात. एक डोळ्याचा : हजारो चित्रं पाहिलेला माणूस हाताची वळणं, सावल्यांची पद्धत, कान-बोटं काढायची खोड ओळखतो. दुसरा कागदाचा. इतिहासाचार्य राजवाड्यांपासून मराठी वाचकाला अस्सल कागदाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. पेशवे दफ्तरातला एखादा रुमाल सुटतो आणि सगळी बखर मागे पडते, हे आपण पाहिलं आहे.

या प्रकरणात डोळा आधी पोचला होता, हे नोंदवायला हवं. मीना ग्रेगोरी या अभ्यासक बाईंनी १९७०च्या दशकातच हे काराव्हाज्जोचं असावं असं म्हटलं होतं. फेर्दिनान्दो बोलोन्या यांनाही तसं वाटत होतं. पण सगळ्यांना पटलं नाही. खराब झालेलं, वरून रंगवलेलं चित्र पाहून हात ओळखणं म्हणजे जाड पडद्याआडचा आवाज ओळखण्यासारखं आहे. ज्याला ओळखू आला त्याला खात्री असते, पण ती दुसऱ्याला देता येत नाही.

मग विन्चेन्झो पाचेल्ली यांनी नेपल्सच्या शासकीय अभिलेखागारातले दोरिआ घराण्याचे कागद धुंडाळले आणि मास्साचं पत्र उजेडात आलं. १९८०मध्ये पाचेल्ली आणि बोलोन्या यांनी ते प्रसिद्ध केलं आणि वाद जवळजवळ संपला.

‘जवळजवळ’ हा शब्द मी मुद्दाम वापरते आहे. पत्र वाचून एवढंच सिद्ध होतं की काराव्हाज्जोने दोरिआसाठी एक उर्सुला रंगवली. बँकेच्या भिंतीवरची उर्सुला तीच, हे पत्रात कुठे आहे? उद्या कुणी दुसरी उर्सुला घेऊन आला तर? या प्रकरणातला मला सर्वांत आवडणारा भाग इथे सुरू होतो, कारण उत्तर एका कागदात नाही, साखळीत आहे.

पहिली कडी पत्र : चित्रकार, विषय, मालक, साल. दुसरी कडी १६२०ची यादी. तिच्यात मालक तोच, चित्रकार तोच, आणि वर्णन ‘जुलमी राजाने विंधलेली’. हे वर्णन कार्पाच्चोच्या किंवा मेमलिंगच्या चित्रमालिकेला जसंच्या तसं चालणार नाही, कारण तिथे तिरंदाजांची रांग असते, सैन्य असतं, कत्तल असते. राजा स्वतःच्या हाताने, हातभर अंतरावरून बाण मारतो आणि चित्रात जवळजवळ तेवढंच घडतं, अशी उर्सुला विरळा. यादी करणाऱ्या कारकुनाने नकळत चित्राची रचनाच टिपून ठेवली. तिसरी कडी कॅनव्हासच्या पाठीवर : काराव्हाज्जोचं नाव, १६१६ हा आकडा आणि ‘एम. ए. डी.’ ही मार्कान्तोनिओ दोरिआची आद्याक्षरं. १६१६ साली चित्रकार मरून सहा वर्षं झाली होती, म्हणजे ही सही नव्हे. ही मालकाची खूण आहे, आणि म्हणूनच माझ्या लेखी ती अधिक भरवशाची. सही खोटी करायला माणूस टपलेला असतो, पण स्वतःच्या घरातल्या चित्रामागे मालक कशाला खोटं लिहील? चौथी कडी वारसांची वाट : जेनोआ, नेपल्स, एबोली, बँक. आणि पाचवी पुन्हा डोळा, जो आता एकटा राहिला नव्हता.

नुसतं पत्र असतं तर तर्क राहिला असता. नुसता डोळा होता तेव्हा तो मत म्हणूनच राहिला. दोन्ही एकमेकांना बांधले गेले तेव्हा नाव परत आलं. आणि पत्रातल्या कुठल्या गोष्टीने जास्त खात्री पटते म्हणाल, तर थक्क झालेल्या लोकांच्या उल्लेखाने नाही. कौतुक कुठल्याही चित्राचं होतं. मऊ पडलेल्या व्हार्निशची ती लाजरी कबुली पटते. असं कुणी रचून लिहीत नाही.

अंधारातून आलेला हात

नाव मिळालं तरी चित्र अजून पूर्ण परत आलं नव्हतं. २००३-०४मध्ये रोमच्या केंद्रीय संवर्धन संस्थेत त्याची मोठी दुरुस्ती झाली. जुने चढवलेले रंग काढले गेले, आणि राजा आणि उर्सुला यांच्या मधल्या अंधारातून एक हात बाहेर आला. पंजा उघडा, पुढे आलेला, बाण अडवू पाहणारा.

छायाचित्रांत जुनी अवस्था आणि नवी अवस्था शेजारी ठेवून पाहिली की पोटात कालवतं. हात नव्हता तेव्हा हे चित्र दोन माणसांचं होतं : मारणारा आणि मरणारी, बाकीचे बघे. सगळं कसं थिजलेलं, नियतीने ठरवल्यासारखं वाटायचं. हात आला आणि कळलं की कुणीतरी हे थांबवायचा प्रयत्न केला होता. तो प्रयत्न क्षणभर उशिरा झाला, एवढंच. प्रत्यंचा सुटली आहे, बाण पोचला आहे, हात अजून वाटेत आहे. तीन वेगवेगळे क्षण एकाच काळोखात उभे आहेत. बाण उडताना काराव्हाज्जोने दाखवलाच नाही, कारण अंतरच ठेवलं नाही. म्हणून उडण्याचा सगळा वेळ त्या हाताच्या उशिरात साठला आहे.

राजाचा चेहराही आता वेगळा वाचता येतो. मला तो क्रूर वाटत नाही. रागाच्या भरात हातून काहीतरी घडून गेलं आणि ते परत घेता येत नाही हे त्याच क्षणी कळलं, असा तो चेहरा आहे. काराव्हाज्जोला हे ऐकीव नव्हतं. २८ मे १६०६ला रोममध्ये रानुच्चो तोमास्सोनी या माणसाला त्याने तलवारीने मारलं होतं. तेव्हापासून डोक्यावर मृत्युदंड, आणि नेपल्स, माल्टा, सिसिली, पुन्हा नेपल्स अशी धावपळ. १६०९च्या शरद ऋतूत नेपल्समधल्या एका खानावळीच्या दाराशी त्याच्यावर हल्ला झाला. चेहरा इतका फाटला की तो मेल्याच्या बातम्या रोमला पोचल्या. उर्सुला रंगवली ती त्यानंतर काही महिन्यांनी.

खांद्यामागचा माणूस

इथे एक मोह टाळायला हवा. ‘मरणाच्या उंबरठ्यावर उभ्या चित्रकाराने आपलंच मरण रंगवलं’ असं वाक्य या चित्राबद्दल सतत वाचायला मिळतं. पण मे १६१०मध्ये काराव्हाज्जो मरायला निघाला नव्हता. त्याला पोपकडून माफी मिळण्याची आशा होती, तो रोमला परतायच्या तयारीत होता आणि बरोबर चित्रं घेऊन निघाला. कासेर्ताचे बिशप देओदातो जेन्तिले यांनी २९ जुलै १६१०च्या पत्रात कार्डिनल बोर्गेझेला त्या चित्रांची हकीकत कळवली आहे : दोन संत जॉन आणि एक मॅग्डालीन. म्हणजे उर्सुलेला त्याचं शेवटचं चित्र म्हणणंही पुरेसं काटेकोर नाही. तारखेसकट कागदावर नोंद असलेलं ते त्याचं शेवटचं चित्र आहे. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो. शेवट माहीत असला की आपण प्रत्येक गोष्टीत शेवटच वाचत बसतो आणि समोरचं चित्र बघायचं राहतं.

समोर काय आहे? एक माणूस मान उंचावून पाहतो आहे. अगदी असाच तो १६०२च्या ‘ख्रिस्ताची अटक’ या चित्रात, उजव्या टोकाला, हातात कंदील घेऊन गर्दीवरून डोकावतो आहे. तेही चित्र दोन शतकं दुसऱ्याच्या, डच चित्रकार होन्टहोर्स्टच्या, नावावर होतं. १९९०मध्ये ते डब्लिनमधल्या जेझुइटांच्या घरात ओळखलं गेलं. दोन्ही चित्रांत तो काही करत नाही, फक्त पाहतो. मात्र १६०२मध्ये त्याच्याजवळ दिवा आहे. पाहता यावं म्हणून त्याने उजेड बरोबर आणला आहे. १६१०मध्ये दिवा नाही. उर्सुलेच्या खांद्यावरून चुकून निसटलेला उजेड त्याच्या कपाळावर आणि उघड्या ओठांवर पडला आहे. तो उजेड तिच्याकडूनच आल्यासारखा वाटतो.

अडवणारा हात त्याचा नाही. चित्रकाराने स्वतःला ती जागा दिली नाही. देता आली असती, कुणी हरकत घेतली नसती. त्याने स्वतःला पाहणाऱ्यांत उभं केलं, आणि मला यात नम्रतेपेक्षा खरेपणा दिसतो.

एका खोलीत

चित्र आता नेपल्समध्ये आहे. बँका एकमेकींत विलीन होत गेल्या आणि मालकी इन्तेसा सानपाओलो बँकेकडे आली. २०२२पासून व्हिआ तोलेदो या रस्त्यावर, बांको दि नापोलीच्या जुन्या भव्य इमारतीतल्या तिच्या संग्रहालयात ते लावलेलं आहे.

२०२४च्या एप्रिल ते जुलैमध्ये ते लंडनच्या नॅशनल गॅलरीत गेलं होतं. ‘शेवटचा काराव्हाज्जो’ अशा नावाचं ते प्रदर्शन. खोली लहान, चित्रं अगदी मोजकी. आणि तिथेच, काचेखाली, नेपल्सच्या अभिलेखागारातून आणलेलं मास्साचं पत्र. ११ मे १६१०ला ते लिहिलं गेलं तेव्हा व्हार्निश अजून चिकट होतं. ४१४ वर्षांनी कागद आणि कॅनव्हास एकाच खोलीत होते, आणि लोक आधी पत्राच्या काचेवर वाकत, त्या ओळी वाचत, मग मान वर करून उर्सुलेकडे पाहत.